आधी मूठ सैल करा

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये अदिती स्वामीने अंतिम लढत 149-147 अशी जिंकली आणि तिरंदाजीतले वरिष्ठ गटाचे वैयक्तिक जगज्जेतेपद पहिल्यांदाच भारतात आले. तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले.

त्यांच्या कंपाउंड प्रकारात निशाण 50 मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ 8 सेंटिमीटरचे. बाणाची दिशा अंशाच्या विसाव्या भागाने हलली तरी दहा गुण हुकतात. नवख्यांच्या बाबतीत ही चूक बऱ्याचदा मुठीतून येते. दोरी सुटताच धनुष्य पुढे उसळते. ते हातातून पडेल या धास्तीने मूल नेमके त्याच क्षणी बोटे आवळते, धनुष्य किंचित वळते आणि बाण भरकटतो.

यावरचा उपाय म्हणजे रिस्ट स्लिंग, धनुष्याच्या मुठीखाली अडकवून मनगटाभोवती सैल घेतलेला दोर किंवा पट्टा. मग धनुष्य अंगठ्याच्या बुडाशी नुसते टेकवायचे, बोटे मोकळी ठेवायची. ते उसळले तरी खाली पडत नाही. रिकर्व्ह या धनुष्याच्या दुसऱ्या प्रकारातले अनेक खेळाडू बुटाच्या नाडीचा तुकडा अंगठ्यात आणि बोटात अडकवून हेच काम भागवतात.

आपल्या खानदेशाला बाण नवा नाही. धनुष्यबाण घेऊन लढणाऱ्या भिल्लांचा प्रतिकार मोडता मोडेना, तेव्हा 1825 मध्ये इंग्रजांनी जेम्स औट्रमकडून भिल्लांचीच पलटण उभी करवली. तिचे ठाणे जळगाव जिल्ह्यातल्या भडगावपासून फार लांब नसलेल्या धरणगावात होते. आजही इथल्या मुलांच्या हाती पहिल्यांदा बांबूचे हलके धनुष्य येते. त्यात आवळलेली मूठ खपून जाते. पुढे जड, आधुनिक धनुष्य हाती आले की तीच सवय नडते, आणि एकदा मुरलेली सवय मोडायला फार कष्ट पडतात. स्लिंग ही पुढारलेल्या खेळाडूंची चैन आहे, नंतर बघू, हा विचार म्हणूनच साफ चुकीचा आहे. ती पहिल्या दिवसापासून हवी.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. भडगाव तालुक्यातल्या ज्या शाळा तिरंदाजी सुरू करतील, त्यांनी खरेदीच्या यादीत प्रत्येक मुलामागे एक स्लिंग जरूर लिहावी. ती येईपर्यंत बुटाची नाडी वापरावी, पण मुलांना मूठ आवळू देऊ नये.