पाद्र्यांचे विद्यापीठ आणि आमचे कॉन्व्हेंट

पाद्र्यांच्या शिक्षणाविषयी आमच्या सोलापुरात दोन मते आहेत. एक असे, की पाद्री शाळा काढतो ती बाटवण्यासाठी. दुसरे असे, की शाळा काढावी तर ती पाद्र्यानेच. ही दोन्ही मते पुष्कळदा एकाच घरात नांदतात. किंबहुना एकाच गृहस्थाच्या तोंडी असतात. सकाळी कट्ट्यावर पहिले मत ऐकावे आणि प्रवेशाच्या दिवसांत रांगेत उभे राहून दुसरे. मध्यंतरी कोणीसे टूम काढली की, पाद्र्यांनी आमच्याकडे एखादे विद्यापीठच काढले तर शहराचे भले होईल. लगेच दुसरे उसळून म्हणाले, काढू तर देत! दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते की मराठी मुलखात पाद्र्यांचे विद्यापीठ होऊन पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि आजही एक चालू आहे.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. विद्यापीठाची पायरी चढलो आहे ती भाषणे ऐकण्यापुरती. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या, त्या घरच्या मंडळींनी वाचल्या. तेव्हा विद्यापीठांविषयी याने बोलावे हा आगाऊपणा आहे, असे कोणी म्हटले तर म्हणोत. पण मराठी हा माझा रोजचा धंदा आहे, आणि या प्रकरणात खरा सवाल मराठीचाच आहे. धर्माचा गलबला इतका होतो की तो सवाल कोणाच्या कानीच पडत नाही.

गोव्यातले सेंट पॉल कॉलेज १५४१-४२ च्या सुमारास उभे राहिले. नावाने कॉलेज, पण कामाने विद्यापीठच. हिंदुस्थानातली, मलाक्क्याकडची, हबसाणातली मुले तिथे एका छपराखाली शिकत. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि पुढे काही वर्षांतच कॉलेजचा सारा कारभार जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघाच्या पाद्र्यांच्या हाती गेला. या कॉलेजच्या पायात कोणता पैसा पडला तेही सांगितले पाहिजे. तिसवाडीतली देवळे पाडली गेली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ साली या नव्या धर्मकार्याकडे वळवण्यात आले. ज्या शेताच्या धान्यावर ग्रामदेवतेचा नंदादीप जळत होता, त्याच शेताच्या धान्यावर लॅटिनचे वर्ग चालू झाले. पुढे १५६० साली इन्क्विझिशन आले, ते कायमचे गेले १८१२ साली. हे झाकून पाद्र्यांची आरती ओवाळणारे जे आहेत, त्यांनी अनंत काकबा प्रियोळकरांचा गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा १९६१ सालचा ग्रंथ एकदा उघडावा. मला त्यांच्या पंगतीला बसायचे नाही.

पण जे फक्त एवढेच सांगून थांबतात, त्यांच्याही पंगतीला मला बसता येत नाही. कारण याच कॉलेजात १५५६ साली हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला. तो खरे म्हणजे हबसाणात जायचा होता. वाटेत गोव्याला उतरला आणि इथलाच झाला. आणि याच पंथातला एक इंग्रज, टॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्याला आला. विल्टशायर परगण्यातला हा माणूस. इथे येऊन चाळीस वर्षे राहिला, १६१९ साली इथेच मेला. मधल्या काळात त्याने काय केले? तो आमची भाषा शिकला. बाजारात मिरच्यांचा भाव विचारण्यापुरती नव्हे. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्याने इतकी अंगी मुरवली, की बायबलातली कथा त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले, रोमन अक्षरांत. देवनागरी टाइप पाडावेत अशी त्याची इच्छा होती, १६०८ साली त्याने रोमला तसे लिहिलेही. ते साधले नाही. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्यामागे १६४० साली छापून निघाले. दुसरा एक फ्रेंच पाद्री, एतिएन द ला क्रुआ. त्याने सेंट पीटरवर मराठी ओव्या रचल्या आणि त्या १६२९ साली गोव्यात छापल्या.

यात हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघडच आहे. पाद्री धर्म सांगणार नाही तर काय चादरी विकेल? पण ज्याला माणसाच्या काळजाला हात घालायचा आहे, त्याने आधी त्या माणसाच्या आईची भाषा शिकली पाहिजे, हे त्या परक्याला कळले होते. नव्या ख्रिस्त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्यांना त्या जागी ऐकायला काहीतरी हवे होते, आणि ते त्यांच्याच बोलीच्या वळणाचे हवे होते. म्हणून तो पुराणिक झाला. त्याच पुराणात त्याने मराठीची जी थोरवी गायिली, ती ओवी आज आमच्या प्रत्येक वक्त्याला पाठ असते. दर २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरवदिनी, ती माइकवरून म्हणायची, टाळ्या घ्यायच्या, आणि घरी जाऊन नातवाला दटावायचे की पाहुण्यांसमोर मराठीत बोलू नकोस, त्यांना वाटेल तुझी शाळा बरी नाही!

गोव्यातला तो काळ टिकला नाही. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. आणि या फर्मानामागे पाद्र्यांपैकीच काहींचा आग्रह होता. पुढे १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांनाच आपल्या मुलखातून हाकलले. सेंट पॉलचे आज जुन्या गोव्यात एक दार तेवढे उभे आहे. प्रवासी त्याच्यासमोर फोटो काढतात.

यानंतर पाद्री आले ते मुंबईस. १८६९ साली जर्मन जेझुइटांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढले. पण आता घराची व्यवस्था निराळी होती. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीच स्थापन झाले होते, आणि त्याने थोड्याच वर्षांत मराठीला मॅट्रिकच्या पुढच्या परीक्षांतून उठवून बाहेर बसवले होते. तिला पुन्हा आत घ्यावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९०१ साली एम. ए. च्या परीक्षेत तिला पाट मिळाला, तेव्हा रानडे हयात नव्हते. म्हणजे जेझुइट आले तेव्हा मराठी अंगणात उभी होती, आणि तिला बाहेर काढणारे हात पाद्र्यांचे नव्हते. हे त्यांना दोष देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

त्या कॉलेजने विद्या पुष्कळ दिली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्री परत पाठवले गेले, मग स्पॅनिश आले. त्यांतले फादर हेरास १९२२ साली मुंबईत उतरले. विजयनगरच्या इतिहासापासून सिंधूच्या मुद्रांपर्यंत सगळीकडे हा माणूस रमला. १९२६ साली त्यांनी इतिहाससंशोधनाची संस्था उभी केली आणि १९५५ साली मुंबईतच देह ठेवला. फादर ब्लॅटर यांनी वनस्पतींचा संग्रह जमवला. तो त्यांच्याच नावाने आजही ओळखला जातो. फादर सांतापाव खंडाळ्याच्या डोंगरात झाडेझुडपे धुंडत फिरले, त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ साली निघाला. आपल्या घाटातल्या झुडपाची नोंद एका स्पॅनिश पाद्र्याने करावी, आणि ती इंग्रजीत असल्यामुळे खंडाळ्याच्या गुराख्याला तिचा पत्ताही नसावा! यात पाद्र्याचे काही चुकले नाही. तो ग्रंथ मराठीत आणायला आमचा हात कोणी धरला होता?

सांगायचा मुद्दा हा, की पाद्र्यांजवळ दोन गोष्टी होत्या. एक, परकी भाषा घोटून तिच्यात घर करण्याची चिकाटी. दुसरी, इंग्रजी. आम्ही दुसरी तेवढी उचलली, तीही पातळ करून. आमच्या गावात आज गल्लोगल्ली कॉन्व्हेंट आहेत. कॉन्व्हेंट म्हणजे धर्मभगिनींचा मठ. इथे भगिनी नाहीत, मठ नाही, कोठे कोठे तर क्रूससुद्धा नाही. कोणातरी संताचे नाव आणि गळ्याला टाय. मालक सत्यनारायण घालतो आणि फाटकावर सेंट लिहितो. त्या संताला हे कळले तर तो बिचारा स्वर्गातून राजीनामा देईल.

आमचे सोलापूर हे चार भाषांचे शहर. माग चालवणाऱ्या घरात तेलुगू, शेजारी कानडी, पलीकडे उर्दू, आणि रस्त्यावर सर्वांची मिळून मराठी. अशा घरातले एक पोर दोन वर्षे कुठल्याशा कॉन्व्हेंटात काढून माझ्या वर्गात आले. इंग्रजी धडा त्याने घडाघडा वाचला. मी विचारले, काय वाचलेस? ते गप्प. तेलुगूत सांग म्हटले, गप्प. मराठीत सांग म्हटले, गप्प. त्याची आई म्हणाली, "गुरुजी, वाचतंय की चांगलं, अजून काय पाहिजे?" त्या माउलीला मी काय सांगणार! तिने बीडीच्या पैशांतून फी भरली होती.

धर्माच्या माणसांनी विद्यालय काढू नये, असे म्हणणारा मी नव्हे. १९४० साली सोलापुरात दयानंद महाविद्यालय निघाले, तेही आर्यसमाजाच्या परंपरेतून. गावातल्या कितीतरी घरांत त्यामुळे पहिला पदवीधर झाला. धर्माने शाळा काढली तर ती शाळा कोणाच्या भाषेत विचार करायला शिकवते, एवढे मी विचारतो.

आणि हाच प्रश्न मला पुण्यालाही विचारायचा आहे. नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली सिलोनात कँडी येथे स्थापलेले हे गुरुकुल १९५५ साली पुण्यास आले; १९७२ साली त्याने हे संस्कृत नाव घेतले. रोमची मान्यता असलेल्या पदव्या तिथे मिळतात. देशाच्या कानाकोपऱ्यातले विद्यार्थी येतात, म्हणून शिकवणे इंग्रजीत. तेही समजण्यासारखे आहे. पण सत्तर वर्षे पुण्यात राहून ज्याचे नाव सोलापूरच्या सुशिक्षित मराठी माणसाला ठाऊक नाही, त्या विद्यापीठाने आणि त्या माणसाने, दोघांनीही एकमेकांकडे पाठ केली आहे. स्टीफन्सच्या पंथाला हे शोभत नाही, आणि त्याची ओवी म्हणणाऱ्यांना तर मुळीच नाही.

मराठीशी इमान राखणारा पाद्री आता उरला नाही, असेही नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वर्षानुवर्षे 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. त्यांनी सुबोध मराठीत बायबल आणले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, आमच्यापासून दीड-दोन तासांवर, ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा काय झाले? पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा, म्हणून विरोध, धमक्यांचे फोन. ज्यांनी हा आरडाओरडा केला, त्यांतल्या किती जणांची नातवंडे मराठी शाळेत होती, एवढे कोणीतरी त्या वेळी मोजायला हवे होते. दिब्रिटो २०२४ साली गेले.

आमचे विद्यापीठ २००४ साली झाले, एका जिल्ह्यापुरते, आणि २०१९ पासून अहिल्यादेवींच्या नावाने ते ओळखले जाते. पुण्याच्या ज्ञानदीपला त्याने एक पत्र लिहावे. एक पाद्री ख्रिस्तपुराण शिकवायला इकडे यावा, आणि आमच्याकडून एकाने ज्ञानेश्वरी शिकवायला तिकडे जावे, वर्षातून महिनाभर. खर्च म्हणाल तर दोघांच्या एस. टी. चा. बाटण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी मागच्या बाकावर बसून लक्ष ठेवावे.

आणि येत्या २७ फेब्रुवारीला जे वक्ते ती ओवी म्हणणार आहेत, त्यांना कळवतो की ख्रिस्तपुराणाची एक प्रत माझ्या शाळेच्या कपाटात आहे. नोंदवहीत सही करून आठ दिवसांसाठी मिळेल.