भट्टीतून वाचलेले सोने

इ. स. १५३२ च्या नोव्हेंबरात पेरूमधील काहामार्का येथे फ्रान्सिस्को पिझारो याने इंका सम्राट आताहुआल्पा यास कपटाने कैद केले. सुमारे २२ फूट लांब व १७ फूट रुंद अशी खोली हात पोहोचेल तेथवर सोन्याने भरून देण्याचे सम्राटाने कबूल केले आणि ते वचन पाळले. पिझारोने आपले पाळले नाही. १५३३ च्या जुलैत सम्राटाचा गळा आवळण्यात आला.

असा विश्वासघात साम्राज्यांच्या इतिहासात पावलोपावली आढळतो. आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती काहामार्काची भट्टी. कुझकोच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरून उचकटलेले पत्रे, कर्णभूषणे, पेले, मूर्ती असे मिळून सुमारे ६ टन सोने तेथे वितळविण्यात आले, आणि तेही त्याच भूमीतील सुवर्णकारांच्या हातून! राजाचा पाचवा हिस्सा काढून उरलेल्या लगडी शिपायांनी वाटून घेतल्या. इंकांचे सोने हे चलन नव्हते. ते सूर्याचे होते. जेत्यांना त्यात वजनापलीकडे काही दिसले नाही.

म्हणूनच अँडीजच्या सुवर्णकलेचे जे काही आज उरले आहे, ते बहुधा थडग्यांनी राखलेले. कोलंबियात १८९० साली सापडलेला किंबाया निधी त्यांपैकीच. सीमातंट्यातील लवादाबद्दल कृतज्ञता म्हणून तेथील सरकारने त्यांतील १२२ वस्तू १८९३ साली स्पेनच्या राणीस नजर केल्या. ही देणगी घटनाबाह्य होती, असा निर्णय कोलंबियाच्या घटना न्यायालयाने २०१७ साली दिला आणि २०२४ मध्ये सरकारने त्या वस्तू रीतसर परत मागितल्या.

ही मागणी आम्हांस सर्वस्वी रास्त वाटते. मुक्तीच्या तोंडावर, १९६१ साली, येथील पोर्तुगीज बँकेने गोमंतकीयांचे गहाण दागिने लिस्बनला हलविले. ते परत यावयास १९९१ साल उजाडले. डागाच्या बदल्यात तेवढ्याच वजनाचे सोने मिळाले म्हणजे भागते काय, हे आमच्या घराघरांतील स्त्रियांस विचारावे.

स्पेन देणगीचा कागद पुढे करील. परंतु ज्यांचे पूर्वज त्या थडग्यांत निजले होते, त्यांना तेव्हा कोणी विचारले नव्हते. माद्रिदने हा निधी जपला, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र बोगोता येथे १९३९ पासून सुवर्णसंग्रहालय आहे. तेव्हा सुरक्षिततेची सबब तरी स्पेनने सांगू नये.