कुत्र्याचीही पिशवी भरून ठेवा



ऊस, तोडणी आणि उतारा सोडून या पानावर कुत्र्याचा विषय कशाला, असे काही मंडळी म्हणतील. म्हणोत. रात्री फडात रानडुकरे शिरली की आधी कोण भुंकतो, ते ज्याचा ऊस आडवा झालाय त्याला विचारा.

माझा ऊस वरच्या अंगाला, कणकवलीकडे. घर मात्र मालवण किनाऱ्याला. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. माड पडले, कौले उडाली, गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. त्या सकाळी आम्ही सात-बारा, दागिने, बँकेची पुस्तके पिशवीत भरून वाडीतल्या पक्क्या घरात गेलो. मोत्या मांगरात साखळीलाच. मी सोडायला वळलो तर आई म्हणाली, "कुत्र्याक खंय व्हरतंस?" आणि मी ऐकले. दुपारी मांगरावर माड पडला. साखळीची कडी तुटली म्हणून मोत्या वाचला, पण मागचा पाय पत्र्याने खोल कापला. बांधायला स्वच्छ फडके नाही, रस्त्यावर झाडे, फोन बंद. हात लावला तर मलाच चावला. त्याला रेबीजची लस कधी टोचली, तो कागदही सापडेना. पुढे इंजेक्शने मी घेतली.

(चावा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून दवाखाना गाठायचाच, कागद असो वा नसो.)

आता माजघरात खुंटीला एक पिशवी असते. लसीचा कागद प्लास्टिकमध्ये, मोत्याचा फोटो, जादा पट्टा नि दोरी, चार दिवसांचे कोरडे खाणे, पाण्याचा कॅन, वाडगा, कापूस, बँडेज, जखमेचे आयोडीन, गोचीड काढायचा चिमटा, एक जुने पोते. आणि हातभर लांब कापडी पट्टी. ही सर्वात महत्त्वाची. दुखावलेले कुत्रे धन्यालाही चावते. पट्टीने तोंड सैल न राहील असे बांधावे, मगच जखमेला हात लावावा. ओकत असेल किंवा धापा टाकत असेल तर मात्र बांधू नये. आपल्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन तर त्याला विषच. फुरसे चावले तर दोरी आवळून, चिरा देऊन वेळ घालवू नये. उचलून सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात कित्येक लोक जनावरे सोडून घराबाहेर पडेनात. तिथे २००६ साली कायदाच झाला की, माणसे हलवण्याच्या योजनेत पाळीव जनावरांचाही विचार हवा. आपल्याकडे निदान ग्रामपंचायतीने निवाऱ्याची शाळा ठरवताना कुत्री कुठे बांधायची, ती पडवी ठरवावी.

कारखान्याकडेही एक मागणे आहे. शेतकी खात्याने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने दर मे महिन्यात गटवार लसीकरणाचा एक दिवस ठेवावा. रेबीजची लस टोचावीच, शिवाय लेप्टोची. साचल्या पाण्यातला लेप्टो आपल्या जिल्ह्याला नवा नाही, तो कुत्र्यालाही होतो. वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. हसणारे हसू देत.