किल्टाखालचे मोजे

बँड पथकांत निवड झाली कीं मुलगा आनंदानें घरीं जातो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आमच्याकडे येतात. मशकबाजा शाळेचा, किल्ट शाळेचा. मोजे मात्र ज्याचे त्यानें आणावयाचे. ते कोठें मिळतात, हा त्यांचा प्रश्न असतो. सातारा काय, सांगली काय, दोन्ही गांवच्या बाजारांत शाळेचे साधे मोजे हवे तितके आहेत. परंतु गुडघ्यापर्यंत पोहोंचून वर दुमडतां येतील असे जाड लोकरी मोजे सहसा हातीं लागत नाहींत. मग फुटबॉलचे नायलॉनचे मोजे आणून वेळ मारून नेली जाते. आमच्या मतें ही काटकसर नव्हे. तिची किंमत मुलाची टाच देते.

किल्ट हा स्कॉटलंडच्या डोंगरी मुलुखांतील पोशाख. तेथील बंडानंतर इ. स. १७४६ च्या कायद्यानें तो बंद करण्यांत आला, व १७८२ मध्यें ती बंदी उठली. सैन्यास ती लागू नव्हती. त्यामुळें तो पलटणींतून टिकला आणि पलटणींबरोबर दूरदूर गेला. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर जें इंग्रजी सैन्य उभें राहिलें, त्यांत ७४ व ७८ क्रमांकांच्या हायलँडर पलटणी होत्या. पुढें मशकबाजा देशी पलटणींनीं आपलासा केला. ज्या सातारा जिल्ह्यांत गांवोगांवचीं माणसें फौजेंत गेलीं, तेथें त्याचा सूर आतां कोणास परका वाटत नाहीं.

किल्टाखालीं पाय उघडा असतो. मोजा घसरला कीं तो साऱ्या मैदानास दिसतो. चांगला मोजा गुडघ्याच्या वाटीखालीं दोन-तीन बोटांवर थांबावा, वरची दुमड सुमारें चार बोटें रुंद असावी, आणि दुमडीखालीं बांधलेल्या बंदानें मोज्यास केवळ आधार द्यावा. घोटाळा येथेंच होतो. मोजा पोटरीस सैल पडला म्हणजे मुलें बंद करकचून आवळतात. तासभर उभें राहिल्यावर पोटरीवर लाल वळ उठतो व पाय बधिर होतो. दुकानांत माप घेतात तें पावलाचें. पोटरीचें कोणी विचारीत नाहीं. तेरा वर्षांच्या एका मुलाची पोटरी काठीसारखी, तर त्याच वयाच्या दुसऱ्याची मल्लासारखी. दोघांस एकच मोजा कसा बसावा?

आमच्या उन्हांत लोकर कशाला, असेंही पालक विचारतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा शोषून घेते, तरी हातास ओली लागत नाहीं. शिवाय तिच्या तंतूंस जात्याच कुरळेपणा असल्यामुळें ती ताणली जाऊन पुन्हां पोटरीस धरून बसते. निव्वळ नायलॉनच्या मोज्यांत घाम आंतच राहतो, व ओली टाच बुटांत घांसून फोड येतो. टाचेपुरता नायलॉन मिसळलेला धागा मात्र अवश्य घ्यावा, तो टिकतो. तेथें शुद्धतेचा हट्ट नको.

माण-खटाव व जत-आटपाडीकडील पालकांचा प्रश्न निराळा. मेंढरें दारीं असतां लोकर बाहेरून कां आणावी? प्रश्न रास्त आहे. परंतु दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिच्या सुतास चिंचोक्याची खळ देऊन सनगर जें घोंगडें विणतात, तें पावसांत व थंडींत धनगराचें घरच होय. आम्हीं स्वतः तें वर्षानुवर्षें वापरलें आहे. तोच धागा उघड्या पोटरीवर कुसळासारखा टोंचतो. मोज्यास मेरिनोसारखी मऊ लोकरच हवी.

म्हणून आमचें सांगणें असें, कीं मोजे शोधीत हिंडूं नये. मऊ लोकरीचे गुंडे आणून मापानें विणून घ्यावे. ही लोकर शाळेनेंच एकत्र खरेदी करावी. किल्ट द्यावयाचा आणि मोज्यांचा भार पालकांवर टाकावयाचा, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. गेल्या निवडीनंतर उत्तम ढोल वाजविणाऱ्या एका मुलानें केवळ मोज्यांच्या खर्चास्तव नांव काढून घेतलें. कारण त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं, त्याच्या मित्रानें सांगितलें.

विणकाम हें मुलींचें काम, असें म्हणणाऱ्या मुलांनीं तें स्वतःच शिकावें. सुट्टींत एक जोडी सहज होते. पहिल्या महायुद्धांत (१९१४-१८) शिपायांसाठीं घरोघरीं मोजे विणले गेले, आणि चवड्याकडील शिवण बोटांस बोंचूं नये म्हणून घालावयाच्या सपाट टाक्यास आजही लॉर्ड किचनेरचें नांव आहे. हे किचनेरसाहेब १९०२ ते १९०९ पर्यंत हिंदुस्थानांत सरसेनापति होते. त्यांनीं सुया हातीं धरल्या होत्या असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

माप घेतांना पोटरीचा सर्वांत रुंद भाग, घोटा व पाऊल हीं तिन्ही मोजावीं, आणि वाढत्या वयाच्या मुलास पाऊल अर्धा इंच अधिक धरावें. मोजे थंड पाण्यांत हलक्या हातानें धुवावे, पिळूं नयेत, सावलींत पसरून वाळवावे. कढत पाण्यांत चोळलेली लोकर जेनासारखी आटते. मग थोरल्याचे मोजे धाकट्यासही येत नाहींत.