जिल्हा पान बाजूला ठेवा म्हणणाऱ्यांना

महाविद्यालयातल्या मुलांनी स्थानिक बातम्यांत वेळ घालवू नये, नेमलेली पुस्तकं वाचावीत, असा उपदेश एक विद्वान गृहस्थ सध्या आमच्या भागात सभासमारंभांतून करत फिरतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जिल्ह्याच्या पानावर असतं काय? कापसाचा भाव, वाघाने मारलेली गाय, उलटलेली बस, आमदारांच्या हस्ते भूमिपूजन. दुसऱ्या दिवशी त्या कागदात भजी बांधतात. पुस्तक टिकतं. बातमीने मन कोतं होतं, पुस्तकाने मोठं होतं. बातमीदाराची भाषा ओबडधोबड, लेखकाची घडीव. शेवटी हुकमी एक्का: स्पर्धा परीक्षेत आदिलाबाद कोण विचारतं? टाळ्या पडतात, पहिल्या रांगेतले पालक माना डोलावतात.

मी तेलंगणातल्या याच आदिलाबाद जिल्ह्यात एच.ई.पी. घेऊन बी.ए. करते, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. घर बेला मंडळात, पेनगंगेच्या अलीकडे. घरी मराठी, वर्गात तेलुगू, पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. या उपदेशाचा मला राग येतो, कारण तो ऐकून मुलं खरोखरच पेपर वाचायचं सोडतात आणि मग पुस्तकही त्यांना कळेनासं होतं.

पुस्तक टिकतं आणि बातमी मरते, हा त्यांचा लाडका मुद्दा आहे. आधी त्यालाच हात घालते.

इतिहासाला आम्हांला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या लेखनातला काही भाग नेमला होता. व्हिएन्नाचा हा मानववंशशास्त्रज्ञ आमच्या डोंगरात आला कशाला? १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी गोंडांच्या बंडाचा नेता कुमरम भीम याला गोळ्या घालून मारलं. गोंड एवढे पेटून का उठले, हे कळल्यावाचून दरबाराला गत्यंतर उरलं नाही, आणि या माणसावर ते काम सोपवलं गेलं. म्हणजे आज जे पुस्तक टिकाऊ म्हणून आमच्या हातात देतात, त्याचं मूळ आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका बातमीत आहे. हायमेनडॉर्फ मारलावाई या गोंडांच्या गावात जाऊन राहिले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सावकाराच्या, वतनदाराच्या, बाहेरून आलेल्या कास्तकाराच्या नावावर कशी चढली, राखीव जंगलाची हद्द आखताना गावंच्या गावं कशी हुसकली गेली, हे त्यांनी लिहून काढलं. १९४५ साली ‘ट्रायबल हैदराबाद’ हे अहवाल छापले गेले, १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ आलं. मारलावाईत गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. तिथली गोंडी वाचनपुस्तकं देवनागरी लिपीत होती. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेटी १९८७ साली वारल्या, त्यांना मारलावाईतच मूठमाती दिली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. अनुसूचित क्षेत्रातली आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम आला आणि १९७० साली तो आणखी कडक झाला. आमच्याकडे त्याला अजूनही वन-ऑफ-सेव्हंटी म्हणतात. कागद कडक झाला, जमीन जायची थांबली नाही. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. हक्क संघटनांनी साठाच्या आसपास सांगितला. त्यानंतर कित्येक वर्षं दर २० एप्रिलला इंद्रवेल्लीत जमावबंदी लागायची आणि हुतात्मा स्तूपाकडे जाणाऱ्या नातेवाइकांनाही पोलीस अडवायचे. ही बातमी मेली असती, तर जमावबंदी कोणासाठी लावत होते?

आता अलीकडची बातमी घ्या. ३० जून २०१९ ला कागजनगरजवळच्या सारसाल्यात रोपं लावायला गेलेल्या वन खात्याच्या महिला अधिकाऱ्याला जमावाने काठ्यांनी मारलं. ती चित्रफीत देशभर फिरली. मारहाण हा गुन्हाच आहे, त्यात मला दुसरं मत नाही. पण दूरच्या शहरांतल्या लोकांनी ते दृश्य पाहिलं आणि विषय मिटला. नेमलेलं प्रकरण वाचलेल्या मुलाला पुढचे प्रश्न पडायला हवेत. ही पोडूची, म्हणजे जंगल तोडून कसलेली, जमीन राखीव जंगलात कधी धरली गेली? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पट्टा मागितला होता का? मिळाला का? नाकारला, तर कोणत्या कारणाने? हे प्रश्न बातमीत नव्हते, ते पुस्तकाने दिले. त्यांची उत्तरं पुस्तकात नाहीत, ती बातमीच्या मागे जाऊनच मिळतात. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत पुष्य अमावास्येनंतर भरणाऱ्या दरबाराचंही तसंच आहे. दरवर्षी छायाचित्र येतं: व्यासपीठावर मंत्री, कलेक्टर, समोर निवेदनं घेऊन आलेले लोक. देवाच्या जत्रेत सरकार कशाला बसतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते नुसतं छायाचित्र दिसतं. जोडेघाटनंतर गोंडांची गाऱ्हाणी तिथेच ऐकायची पद्धत हायमेनडॉर्फ यांच्या काळात चाळिसाच्या दशकात पडली, हे वाचलेला माणूस मात्र विचारतो की गेल्या वर्षीच्या निवेदनांचं काय झालं.

जिल्हा पान काढून घेतलंत तर आमच्या हातात हे पुस्तक संग्रहालयातली वस्तू म्हणून उरतं. त्या गृहस्थांना तेच हवं असावं. संग्रहालयातला गोंड कोणाकडे पट्टा मागत नाही.

मन कोतं होतं म्हणतात. कापसाचाच भाव घेऊ, कारण त्यावर सभेत फार हशा पिकला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या मार्केट यार्डात पहाटेपासून गाड्या लागतात. रात्रीचं दव कापसावर बसलेलं असतं. माणूस येतो, मॉइश्चर मीटरची लांब सळई गाडीतल्या कापसात खुपसतो, पडद्यावर आकडा येतो. ८ टक्क्यांपर्यंत ओल असली तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर सरकारी खरेदीच नाही. आमच्या गाडीला वडिलांच्या देखत १४ आला. त्यांनी मूठभर कापूस उकलून त्या माणसासमोर धरला, “वरचं ओलं हाय दादा, आतून बघा.” त्याने सळई पुन्हा त्याच जागी घातली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची हमी किंमत ८११० रुपये क्विंटल. १४ आला की ती आपली नाही, खासगी व्यापारी देईल तो भाव घ्यायचा किंवा यार्डातच कापूस पसरून उन्हाची वाट बघायची. त्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधी स्लॉट घ्यावा लागला. ज्याचा फोन साधा, तो शेजाऱ्याच्या पोराला शोधत फिरला.

त्याच दिवसांत अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पूर्ण स्पर्धेचा धडा शिकत होतो. विक्रेते अनेक, ग्राहक अनेक, माहिती सर्वांना सारखी. आणि जिल्हा पानावर यार्डातल्या रास्ता रोकोच्या बातमीखाली चार ओळी होत्या: परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्टपासून माफ केलं, ती माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. म्हणजे आमचा माल यार्डात येण्याच्या ऐन दिवसांत. बेला मंडळातल्या गाडीची गाठ दिल्लीच्या अधिसूचनेशी, अमेरिकेच्या आणि ब्राझीलच्या गाठींशी पडते, ती या चार ओळींत. यात कोतं काय आहे? भीमपूर मंडळात वाघ दिसला ही बातमीही अशीच लांबवर जाते. तो वाघ बहुधा यवतमाळच्या टिपेश्वरातून पेनगंगा ओलांडून आलेला असतो. टिपेश्वरचाच एक तरुण वाघ २०१९ साली तेलंगणाचा भाग तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. वाघाला जिल्हा संकुचित वाटत नाही.

भाषेच्या ओबडधोबडपणाबद्दल एवढंच: मंडळाचा बातमीदार रात्री लिहितो त्यात गावाचं नाव, एकर, तारीख आणि माणसाचं म्हणणं असतं. सभेतल्या घडीव भाषणात यांतलं एकही नव्हतं. आणि स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर तेलंगणाच्या ग्रुप-१ ला राज्यनिर्मितीच्या चळवळीवर स्वतंत्र पेपर आहे. कुमरम भीम परीक्षेच्या बाहेर नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. सीमेवरच्या मराठी माणसाने आधी आपलं कोण ते ठरवावं, मग लिहावं-वाचावं, असं सांगणारे लोक मी लहानपणापासून ऐकत आले आहे. नदीपलीकडून येतात ते म्हणतात तुमची मराठी बिघडली. अलीकडचे म्हणतात तेलुगू नीट शिका, मराठीचं काय करता. १९५६ साली राज्यं पुन्हा आखली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कल इकडे आली. नातीगोती आहेत तिथेच राहिली. किनवटची मामेबहीण आणि मी एकाच वर्षी बारावी झालो. तिच्या पुस्तकात कुमरम भीम नाही आणि माझ्या पुस्तकात तिच्या पुस्तकातली बरीच माणसं नाहीत. सीमेवरच्या मुलांसाठी कोणी वेगळं पुस्तक काढलेलं नाही. आमची एकमेकांची खबर लागते ती बातमीतूनच. म्हणून ‘पुस्तकच वाचा’ हा सल्ला राजधानीतल्या मुलाला जेवढा महाग पडतो, त्याहून आम्हांला जास्त महाग पडतो.

राज्यशास्त्रात ‘एक व्यक्ती, एक मत’ शिकताना तर हे ढळढळीत दिसलं. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरावर परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी गावं आहेत. महाराष्ट्र त्यांना चंद्रपुरात धरतो, तेलंगणा आसिफाबादेत. २०१६ साली जिल्हे फुटण्याआधी तो भाग आमच्याच जिल्ह्यात होता. तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, गावात दोन शाळा, दोन सरपंच. आणि कित्येकांकडे कसलेल्या जमिनीचा एकही पट्टा नाही. सार्वभौमत्व म्हणजे काय, याचा इतका स्पष्ट धडा मला कोणत्याही प्रकरणात सापडला नाही.

मग करायचं काय? पुस्तक आणि बातमी एकत्र वाचली की काय होतं, त्याचं उदाहरण आमच्याच जुन्या राज्यात, अविभक्त आंध्र प्रदेशात, आहे. १९९२ च्या सुमारास नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका साक्षरता वर्गात जात होत्या. वाचनपुस्तकातल्या एका धड्यात गावच्या बायका एक होऊन दारूचं दुकान बंद पाडतात. धडा वाचून त्यांनी आपल्या गावातली सारा, म्हणजे देशी दारू, बंद पाडली. तेलुगू दैनिकांच्या जिल्हा पानांनी ती बातमी गावोगाव नेली; पुढे दुबगुंटाची गोष्टच वाचनपुस्तकात आली. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारला साराबंदी करावी लागली. पुढे आलेली संपूर्ण दारूबंदी टिकली नाही, ती वेगळी कथा. आपल्या मराठीतही ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं आधी ‘दीनबंधू’ या वर्तमानपत्रात छापली होती.

माझं मागणं लहान आहे. नेमलेल्या प्रत्येक प्रकरणासोबत त्या विषयावरची जिल्ह्यातली एक बातमी वर्गात वाचावी, तेलुगू, मराठी, उर्दू कोणत्याही पेपरातली. इंटर्नलच्या असाइनमेंटमध्ये ती बातमी तपासून आणलेली असावी: गावात जाऊन, दोन्ही बाजूंना विचारून. आणि ग्रंथालयाने जिल्हा पानांची वर्षवार बांधणी ठेवावी. आमच्या ग्रंथालयात हायमेनडॉर्फ आहेत, पण एप्रिल १९८१ चा एकही अंक नाही, रद्दीत गेला. येत्या जूनपासून आम्ही काही मुलं-मुली रोजची पानं कापून, तारीख घालून चिकटवणार आहोत. महाविद्यालयाने एक कपाट द्यावं आणि त्याची किल्ली आमच्यापैकी कोणाकडे तरी राहू द्यावी.