पाटी आपली, डिझायनर लांबचा

सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे काम २०१६ साली सुरू झाले, मध्ये बंद पडले आणि २०२१ पासून पुन्हा चालू झाले. खाणीमुळे काय आले आणि काय गेले यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो आजचा विषय नाही. आज एवढेच, की जिथे ट्रक धावू लागतात तिथे टायरचे, चहा-नाश्त्याचे, मोबाइल दुरुस्तीचे दुकान उभे राहते, आणि दुकान आले की पाटी आली. ब्रशने पाटी रंगवणारा पेंटर आता क्वचित भेटतो. डिझाइन नागपूर-चंद्रपूरच्या कुणा मुलाकडून किंवा मुलीकडून व्हॉट्सॲपवर करून घ्यायचे आणि फ्लेक्स छापून मागवायचा, अशी रीत पडली आहे. ही मुले कुणाच्या नोकरीत नसतात, घरी बसून कामागणिक पैसे घेतात. अशा फ्रीलान्सरकडून काम कसे करून घ्यावे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

‘भाऊ, एक झकास बोर्ड बनवा’ म्हटले म्हणजे काम सांगून झाले, असे आपण समजतो. पाटी किती फूट बाय किती फूट, कुठे लागणार, चालत्या ट्रकमधून वाचायची की दारात उभे राहून, हे त्याला कोण सांगणार? एटापल्लीच्या बाजारात मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा सगळ्या बोली कानावर पडतात. गिऱ्हाईक कोण, हे दुकानदाराला ठाऊक; शंभराहून अधिक किलोमीटरवर बसलेल्या डिझायनरला नाही. कायद्याचेही तसेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी मराठी पाटी लागते, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. उर्दू किंवा इंग्रजी नाव मोठे काढून घेतले, तर पाटी पुन्हा करावी लागते आणि भुर्दंड आपल्यालाच.

चित्राचीही तीच गत. जागेची ओळख म्हणून डोंगर आणि आदिवासी माणूस टाकायला सांगितले, की इंटरनेटवरून डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेला कुणी परदेशी माणूस येऊन बसतो. सूरजागडचा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचे ठिकाण आहे, जानेवारीत तिथे जत्रा भरते. शेजाऱ्यांच्या श्रद्धेची जागा टायरच्या जाहिरातीत टाकावी की नाही, हे डिझायनरवर सोडू नये. आमचे मत विचाराल तर टाकू नये. आपल्या दुकानाचे दोन चांगले फोटो काढून पाठवावेत. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, कारण फोटो म्हणून पाठवले की त्यांचा दर्जा उतरतो.

लग्नाच्या दावतनाम्यात तर आणखी एक पेच असतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. डिझायनरला उर्दू येत नसेल आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दूची सोय नसेल, तर अक्षरे सुटी सुटी पडतात, कधी उलट्या क्रमाने येतात, आणि ते त्याला दिसतही नाही. म्हणून उर्दू मजकूर जाणकाराकडून इनपेजमध्ये टाइप करून घ्यावा आणि त्याचे चित्र किंवा पीडीएफ डिझायनरला द्यावे. मराठीत जुन्या फाँटचा घोळ असतो: एका संगणकावर नीट दिसणारा मजकूर दुसरीकडे उघडला की अगम्य खुणा होतात. छापखान्यात जाणाऱ्या फाइलमध्ये अक्षरांचे ‘कर्व्ह’ करायला सांगितले की हा धोका टळतो. शेवटचा नमुना कागदावर काढून घरातल्या दोघांनी वाचावा. नावे, तारीख, वेळ तपासणे हे आपले काम आहे, डिझायनरचे नाही. आणि मोबाइलवर झळाळणारा हिरवा रंग शाईत थोडा दबतो, हेही आधीच धरून चालावे.

आता पैसे. काही रक्कम आगाऊ, किती वेळा बदल करून मिळतील आणि उरलेले कधी द्यायचे, हे एका मेसेजमध्ये लिहून ठेवले तरी निम्मे तंटे मिटतात. बदल सांगणारा माणूस एकच असावा. सकाळी अब्बांनी गुलाबी घालवायचा, दुपारी फुफूंनी परत आणायचा आणि रात्री चाचांनी दुबईहून तिसराच नमुना पाठवायचा, यात त्या मुलाचे चार दिवस जातात. त्या चार दिवसांचे पैसे कुणी देत नाही. डिझायनरने उद्यम नोंदणी केलेली असेल तर दुकानदाराने त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा लघुउद्योग कायदा सांगतो. मुदत लिहून ठरलेली नसेल तर १५ दिवसांत.

सगळ्यात अवघड हिशेब असतो तो घरच्या डिझायनरचा. भाचा कोरल शिकला की खानदानातली सगळी कार्डे, सगळ्या दुकानांचे बोर्ड त्याच्याकडे. ‘आपल्याच मुलाला पैसे कसले द्यायचे?’ वलीम्याच्या देगींसाठी बावर्चीचा दर ठरवताना नाते कुणी काढत नाही. मंडपवाला, फोटोग्राफर यांचेही रोख. फक्त संगणकावर बसलेला मुलगा खेळत असतो, असे आपल्याला वाटते. त्याचा दर आपणच विचारावा, कारण मामूंकडे किंवा खालाकडे तो तोंड उघडून मागणार नाही. दोन महिने फुकट राबल्यावर तोच मुलगा घर चालवायला दुसरी नोकरी धरतो, आणि मग आपण म्हणतो की मुलांना धंदा जमत नाही.

दुकानाचे बोधचिन्ह करून घेतले असेल तर आणखी एक कागद लागतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या रेखाटनाचा हक्क पैसे दिल्याने आपोआप आपल्याकडे येतोच असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. मूळ फाइल मिळणार का, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. काही जण तिचे वेगळे पैसे घेतात आणि ते रास्त आहे. फाइल मिळाली की ईमेलवर जपून ठेवावी. त्या भागातल्या ऊन-पावसात फ्लेक्स दोनेक वर्षांत फिका पडतो, तेव्हा फक्त छपाईचा खर्च करून नवा लावता येतो.