ग्रीन टी औषध नाही आणि गुळाचा चहा शुगर-फ्री नाही

"डॉक्टर, मी साधा चहा बंद केला. आता फक्त ग्रीन टी."

हे वाक्य दवाखान्यात मी जवळजवळ रोज ऐकतो. सांगणाऱ्याचा चेहरा असा असतो की जणू कडक उपास धरलाय. आवडतो का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "छे हो, कडूजहर लागतो. पण घेतो, तब्येतीसाठी."

माझी तक्रार नेमकी इथेच आहे. बाजारात आज चहाचे कितीतरी प्रकार मिळतात, ही खरं तर चैनीची गोष्ट. पण ते आपल्याला चव म्हणून विकले जात नाहीत, औषध म्हणून विकले जातात. कुणी वजन उतरवतो, कुणी 'डिटॉक्स' करतो, कुणी प्रतिकारशक्ती वाढवतो. चवीबद्दल खोक्यावर एक शब्द नसतो. या विक्रीला माझा सरळ विरोध आहे, कारण तिच्यापायी माणसं चव तर गमावतातच, शिवाय खरा आजार तसाच अंगावर काढतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रीन टी, व्हाइट टी, ऊलाँग आणि आपला काळा चहा ही वेगवेगळी झाडं नाहीत. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो पान तोडल्यानंतर. कापलेली सफरचंदाची फोड काळी पडते ना, तसंच चहाचं चुरडलेलं पान हवेत तांबूस होतं. पान लगेच वाफेवर किंवा कढईत तापवलं की ती क्रिया थांबते आणि हिरवा चहा होतो. अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग, पूर्ण होऊ दिली की काळा. काळा चहा म्हणजे बिघडलेला ग्रीन टी नव्हे. त्यातले घटक बदलतात, वाया जात नाहीत.

आपल्या घरातली दाणेदार पावडर म्हणजे सीटीसी. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून ती तयार करतात. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात सुरू झाली. तिचा चहा झटकन उतरतो, रंग गडद येतो, आणि दूध-साखर-आलं घातलं तरी त्याचा कडकपणा टिकतो. अमृततुल्यचा चहा या पावडरीशिवाय होणं कठीण. पण हीच सवय घेऊन आपण दार्जिलिंगचं पान दुधात खळाखळा उकळतो आणि म्हणतो, "काय पांचट आहे हो!" त्या पानाला दूध नको, उकळणं नको. गरम पाणी ओतून तीन मिनिटं झाकून ठेवा. मार्च-एप्रिलच्या पहिल्या तोडीचा चहा फुलांसारखा हलका लागतो, मे-जूनच्या तोडीला पिकल्या द्राक्षाचा वास येतो. आसामचं अख्खं पान जरा भाजक्या धान्यासारखं, भरदार. निलगिरीचा चहा स्वच्छ आणि सुगंधी, लिंबू पिळून फार छान लागतो. आणि तुमचा ग्रीन टी कडू का लागतो? कारण तुम्ही तो उकळता. पाणी उकळल्यावर पाचेक मिनिटं थांबा, मग पान घाला, दोन मिनिटांत गाळा. मग ठरवा आवडतो की नाही. नाही आवडला तर सोडून द्या, काहीही बिघडणार नाही.

"पण वजन उतरतं ना?" नाही, सांगण्यासारखं नाही. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात ग्रीन टीच्या तयार उत्पादनांवरचे अभ्यास तपासले गेले. वजनातला फरक इतका किरकोळ होता की वैद्यकीयदृष्ट्या त्याला अर्थ नव्हता. कपातला ग्रीन टी बहुतेकांना निर्धोक आहे, पण त्याच्या अर्काच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट. त्यातला ईजीसीजी हा घटक दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेला तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं. काही 'स्लिमिंग टी'मध्ये तर चक्क सोनामुखी असते. ती जुलाबाची वनस्पती. काट्यावर वजन कमी दिसतं ते पाणी गेल्यामुळे, चरबी जागच्या जागी. रोज घेत राहिलात तर शरीरातलं पोटॅशियम घसरतं. खोक्यावरची घटकांची यादी वाचा.

गुळाच्या चहाचं तेच. पाटीवर लिहितात, 'मधुमेहींसाठी उत्तम'. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, ती रक्तात जाऊन साखरेचंच काम करते. "गुळात लोह असतं ना?" असतं थोडंसं, पण ते चहात घालणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं.

कारण चहातले टॅनिनसारखे घटक शाकाहारी अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण अर्ध्याहून कमी होऊ शकतं. ग्रीन टीसुद्धा याला अपवाद नाही. हे मात्र कुठल्याही खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं मी पाहिलेलं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. याला कारणं अनेक आहेत, चहा एकटा गुन्हेगार नाही. पण सकाळी चहा-पोळी, दुपारी जेवणावर चहा, आणि लोहाची गोळीही चहाच्याच घोटाबरोबर, असं चालू असेल तर हिमोग्लोबिन वाढणार कसं? ताई, दम लागतोय म्हणून 'एनर्जी'वाला चहा आणू नका, आधी रक्त तपासा. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्या. थायरॉईडची गोळीही साध्या पाण्यानेच घ्या.

तुळस, कॅमोमाइल, जास्वंद वगैरेंना चहा म्हणतात, पण त्यात चहाचं पान नसतं. आपला गवती चहाही एक गवतच. चवीला उत्तम, रात्री प्यायला चांगला, झोप उडवत नाही. पण म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही.

मग मधुमेह असलेल्यांनी काय करावं? दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला साधारण 40 ग्रॅम साखर, कुठलीही मिठाई न खाता. कोरा निलगिरी, आलं-गवती चहा, लिंबू यापासून सुरुवात करा. दूध सुटत नसेल तर राहू द्या, पण दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा साखर कमी करा. महिन्याभरात बिनसाखरेवर याल, आणि कोणत्या पावडरीला खरंच चव आहे तेही तेव्हाच कळेल.